बारावी सायन्सनंतर इतिहासात बी.ए. : लेकीला पाठवू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही वाईचे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ८१ टक्के पडले. सीईटीही दिली होती. निकालाच्या दिवशी जेवताना शांतपणे म्हणाली, "मला इंजिनिअरिंगला जायचं नाही, इतिहासात बी.ए. करायचंय." आमच्या ह्यांनी ताट तसंच ठेवलं आणि उठले. त्याला आता दहा दिवस झाले. बापलेकीत जेवढ्यास तेवढं बोलणं आहे.

ही गोष्ट अचानक आलेली नाही, हे मला माहीत आहे. मेणवलीचा वाडा तिने किती वेळा पालथा घातला असेल, मोजता येणार नाही. आमच्या माळ्यावर सासऱ्यांनी जपलेला एक लाल रुमाल आहे, त्यात मोडीतले पंधरा-वीस कागद. घरात ते कुणालाच वाचता येत नाहीत. सातवीत असल्यापासून ती विचारते, यात काय लिहिलंय? ह्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "आपले खापरपणजोबा सावकार होते, त्यांचे हिशेब आहेत."

मला दोन गोष्टी कळायला हव्या आहेत. या पदवीत तीन-चार वर्षं नेमकं शिकवतात काय? आणि पुढे पोटापाण्याचं काय? गोड बोलून समजूत घालू नका. जे असेल ते सांगा.

घाटवाट

ताई, आधी कडू सांगतो. मी इतिहासात बी.ए. केलं ते यूपीएससीसाठी. वर्गातले बहुतेक जण त्यासाठीच आले होते. त्यामुळे तिन्ही वर्षं मी इतिहास वाचलाच नाही, मुद्दे पाठ केले. पानिपतची कारणं आठ, फ्रेंच राज्यक्रांतीचे परिणाम सहा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणायचं आणि सुटायचं. पाच प्रयत्न झाले, तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, निवड झाली नाही. आज सहकारी बँकेत आहे, बरं चाललं आहे.

खंत नोकरीची नाही. मी पुण्यात तीन वर्षं राहिलो आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी एकदाही चढलो नाही, ही खंत आहे. राजवाड्यांनी १९१० साली उभी केलेली संस्था, माझ्या खोलीपासून सायकलवर पंधरा मिनिटं. कॉलेजातल्या कुणी पाठवलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

लेकीला एवढंच विचारा, तिला इतिहास हवा आहे की स्पर्धा परीक्षा? स्पर्धा परीक्षाच हवी असेल तर पदवी कशातही करावी आणि हातात दुसरं काही कौशल्य असू द्यावं.

कृष्णाकाठ

मनापासून लिहिलंत, आभारी आहे. विचारलं. तिने स्पर्धा परीक्षेचं नावही काढलं नाही. तिला तो रुमाल वाचायचा आहे.

तासिकाकर

मी इतिहास शिकवते, एका जिल्ह्याच्या गावी, तासिका तत्त्वावर, नववं वर्ष. नेट आहे, पीएचडी आहे. तासाप्रमाणे मानधन मिळतं, सुट्टीत काहीच नाही, आणि पैसे हातात पडायला कधी कधी पुढचं सत्र उजाडतं. पूर्णवेळ जागा निघण्याची वाट बघणारे माझ्यासारखे राज्यभर आहेत. "प्राध्यापक होईन" एवढ्या एकाच भरवशावर तिला पाठवू नका. शाळेत शिकवायचं तर बी.ए.वर बी.एड. आणि पुढच्या पात्रता परीक्षा आहेतच. हे पोटापाण्याचं झालं. वाईट वाटेल, पण तुम्ही खरं विचारलंत.

आता शिकवतात काय ते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला एक मुख्य विषय, ज्याला मेजर म्हणतात, आणि जोडीला मायनर असतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, त्यातही संशोधनाचा पर्याय आहे. पेपर साधारण प्राचीन भारत, मध्ययुग, मराठ्यांचा इतिहास, राष्ट्रीय चळवळ, आधुनिक जग असे जातात. या सगळ्यात एक विषय असा असतो की ज्याला मुलं सर्वांत जास्त घाबरतात आणि ज्याच्यात ही पदवी सगळी सामावलेली आहे : इतिहासलेखनशास्त्र. म्हणजे एखादी गोष्ट घडली हे आपल्याला कशावरून कळतं.

मी तो विषय शिवजन्मतिथीपासून सुरू करते. जुन्या पिढ्या शके १५४९ हे वर्ष धरून चालत, कारण उशिराच्या बखरींत, म्हणजे गोष्टीच्या ढंगाने लिहिलेल्या जुन्या गद्य इतिहासांत, ते होतं. मग लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शिवाजी महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी. मी मुलांसमोर दोन्ही ठेवते आणि विचारते, कुणावर विश्वास ठेवाल आणि का? आधी सगळे म्हणतात, ज्याच्यात जास्त माहिती आहे त्याच्यावर. बखर रसाळ असते, शकावली म्हणजे कोरड्या नोंदी. पण कोणता कागद घटनेच्या जवळ लिहिला गेला, लिहिणाऱ्याला ती गोष्ट कुठून कळली, आणि एकमेकांचं न पाहता लिहिणारे दोघे तेच सांगतात का, हे विचारायला लागले की वर्गाचा आवाज बदलतो. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणतो, "मॅडम, मग रसाळ असणं हाच संशयाचा मुद्दा झाला की." या एका वाक्यासाठी मी नऊ वर्षं टिकून आहे.

खापरवाला

सायन्स वाया जाईल या धास्तीने तिला अडवू नका, उलट ते उपयोगी पडेल. माझं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. केलं. तिथे वेगवेगळ्या शाखांची मुलं येतात. शिरूरजवळच्या इनामगावचं उत्खनन याच संस्थेने केलं. तिथल्या जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून कळलं की साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा तिथला शेतकरी मुख्यत्वे जव पिकवत होता. ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला वनस्पतिशास्त्रच लागतं. हाडं ओळखायला प्राणिशास्त्र, कार्बनने काळ काढायला भौतिक-रसायन.

काम कष्टाचं आहे, उन्हातलं आहे, आणि प्रकल्प संपला की पुढच्या प्रकल्पाची वाट बघावी लागते. तरी मी बदललो नसतो.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहिते. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगते : भाषा. पणजीच्या पुराभिलेखागाराची, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीची, सुरुवात १५९५ सालची. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांतून जो पत्रव्यवहार चाले, त्याचे खंडच्या खंड तिथे आहेत. त्यात मराठ्यांविषयी मुबलक मजकूर आहे, पण सगळा पोर्तुगीजमध्ये. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांना दोन्ही बाजूंचे कागद वाचता येत होते, म्हणून पोर्तुगीज-मराठा संबंधांवर ते एवढं काम करू शकले. मी बी.ए.ला होते तेव्हा पोर्तुगीजचा वर्ग कंटाळून सोडला. आज तिशीत पुन्हा क्रियापदं घोकते आहे.

मुलीला म्हणावं, मायनर निवडताना मैत्रिणी काय घेतात ते पाहू नकोस. एक भाषा घे. फारसी, पोर्तुगीज, संस्कृत, काहीही. विशीच्या आत तोंडात बसते ती बसते.

थेम्सतीर

माझी मुलगी इंग्लंडमध्ये इतिहासाची पदवी घेते आहे, त्यामुळे तिथलं थोडं सांगतो. तीन वर्षांची पदवी, तास अगदी कमी, आठवड्याला वाचन मात्र ढीगभर. दहा-बारा जणांच्या बैठकीत वाचलेल्यावर बोलावं लागतं, गप्प बसून चालत नाही. शेवटच्या वर्षी स्वतः मूळ कागद पाहून दीर्घ निबंध लिहायचा. तिने राजापूरची इंग्रजांची वखार घेतली. ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि वाचक म्हणून पास काढायला पैसे पडत नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात, १६६० साली, राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली हे मी शाळेत एका ओळीत शिकलो होतो. वखारीतल्या लोकांचा पत्रव्यवहार तिने मला वाचून दाखवला, तेव्हा त्या एका ओळीमागे नफ्यातोट्याचा हिशेब मांडणारी माणसं दिसायला लागली.

तरीही, ताई, यासाठी लेकीला परदेशी पाठवा असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी डोळे फिरवणारी आहे. आणि मराठ्यांचा इतिहास करायचा तर जगातला सगळ्यात मोठा खजिना तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. त्याविषयी इथले जाणकार सांगतील.

दप्तरी

सांगतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. हजारो रुमाल, बहुतांश मोडीत. रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडीचे ४५ खंड निघाले, आणि तरी मूळ साठ्यातला फार मोठा भाग अजून कुणी नीट उलगडलेला नाही. वाचणारे हात नाहीत, हे त्याचं कारण.

मी बी.ए. इतिहास, दुसऱ्या वर्षी मोडी शिकलो. पोटापाण्याचं विचारलंत म्हणून माझं सांगतो. जमिनीच्या वाटण्यांचे दावे, इनामाचे कागद, देवस्थानांची दप्तरं यांचं लिप्यंतर करून घर चालतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कार्यालयांना अचानक मोडी वाचणारी माणसं हवी झाली आणि ती पुरेनात. काम कधी रीघ लागल्यासारखं येतं, कधी महिना कोरडा जातो.

मोडी अवघड नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, बोरू शक्यतो न उचलता. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. अक्षरं पंधरा दिवसांत येतात. वाचन यायला दोन वर्षं लागतात, कारण अक्षर कळलं तरी गोष्ट कळत नाही. पेशवाईतल्या पत्रात साल अरबी शब्दांत असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं, आणि हे साल मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारीतल्या पानिपतासाठी ६०० मिळवायचे, १७६१.

ताई, त्या लाल रुमालातला एक कागद लेकीला इथे टाकायला सांगा. माणसांची नावं मी उघड वाचणार नाही.

कृष्णाकाठ

(आईच्या खात्यावरून मी लिहितेय, मुलगी.) दप्तरी काका, सगळ्यात वरच्या कागदाचा फोटो टाकला आहे. कागद सुटा करताना कडा झडल्या, आता पुन्हा हात लावायची भीती वाटते. पहिल्या ओळीत 'शके' एवढं मी तक्त्यावरून ओळखलं. पुढे १७, मग कसरीने खाल्लेलं भोक, मग ४. हे वर्ष कसं काढायचं?

दप्तरी

छान फोटो आहे, पोरी. कागद दुमडू नकोस, चिकटपट्टी तर अजिबात लावू नकोस. दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेव.

वर्ष मी सांगत नाही, तू काढ. भोकाच्या पुढे 'अंगिरा नाम संवत्सरे' असं स्वच्छ आहे. संवत्सर म्हणजे पंचांगात प्रत्येक वर्षाला असलेलं नाव. संवत्सरं साठ, प्रभवपासून सुरू होतात, अंगिरा सहावं. शकात १२ मिळव, ६० ने भाग, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक.

कृष्णाकाठ

काका, मी १७०४ पासून १७९४ पर्यंत सगळे दहा आकडे घालून पाहिले. दोनच बसतात. १७३४ + १२ = १७४६, बाकी ६. आणि १७९४ + १२ = १८०६, बाकी पुन्हा ६. साठ वर्षांनी तेच नाव येतं म्हणून. शकात ७८ मिळवले तर एक १८१२ आणि दुसरं १८७२. पहिलं पेशवाईतलं, दुसरं इंग्रजीतलं. यापुढे गणित संपलं.

पण कागदाच्या वर डाव्या बाजूला एक गोल उठाव आहे. मला आधी तो डाग वाटला होता. टॉर्च आडवा धरला तर मुकुट घातलेल्या बाईचं डोकं दिसतं. ती व्हिक्टोरिया राणी असेल तर ती गादीवर १८३७ ला आली. म्हणजे १७३४ शक्य नाही. शके १७९४. बरोबर?

दप्तरी

बरोबर. शके १७९४, महिना वैशाख, म्हणजे १८७२ चा उन्हाळा. तुला मी काही सांगितलं नाही, हे लक्षात ठेव.

आता मजकूर. हा कर्जरोखा आहे. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे 'धनको नाम', म्हणजे कर्ज देणारा, आणि मग 'रिणको नाम', म्हणजे कर्ज घेणारा. नावं तुला व्यनि (खासगी निरोप) केली आहेत. पंच्याहत्तर रुपये, व्याज दर महिना दर शेकडा दोन रुपये, तारण म्हणून मळ्याचं शेत गहाण. आणि एक गोष्ट. तुमच्या घराण्याचं नाव धनकोच्या बाजूला नाही. ते रिणकोच्या बाजूला आहे.

तासिकाकर

हे वाचून अंगावर काटा आला. पोरी, तुझ्या कागदाचं साल नीट बघ. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर, १८६१ ते ६५, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. युद्ध संपलं, भाव कोसळले. १८६७ नंतर जमिनीची फेरमोजणी होत गेली तसा अनेक तालुक्यांत सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्यात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खन कृषक कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. तुझा जिल्हा त्यात आहे.

'दख्खनचे दंगे' हा मी वर्गात दोन तासांत संपवते. जळले ते रोखे होते, एवढं सांगते आणि पुढे जाते. तुझ्या हातात आहे तसेच ते होते.

कृष्णाकाठ

पण मॅडम, मग हा कागद आमच्याकडे कसा? रोखा तर सावकाराकडे राहणार ना? मला तीन शक्यता सुचतात. कर्ज फेडलं आणि रोखा परत मिळाला. किंवा दंग्याच्या काळात कुणी तो उचलून आणला आणि जाळला नाही. किंवा ही आमच्याकडे ठेवलेली नक्कल आहे. यातली कुठली, हे कशावरून ठरवायचं?

तासिकाकर

हाच प्रश्न. राणीचा तो उठाव म्हणजे सरकारी मुद्रांक. नक्कल असती तर तिच्यावर तो असण्याचं कारण कमी, म्हणून तिसरी शक्यता तूर्त मागे ठेव, पुसून टाकू नकोस. दुसरी शक्यता आकर्षक आहे, म्हणूनच तिच्यापासून सावध राहा. हप्ता भरला की त्याची नोंद पुष्कळदा रोख्याच्या पाठीवर करत. पाठ पाहिलीस का?

घाटवाट

मी तीन दिवस हा धागा उघडून बसतोय. तीन वर्षांच्या पदवीत मला हे एकदाही मिळालं नाही. शनिवारी मंडळात जाऊन आलो. मोडीचा वर्ग कधी सुरू होणार, विचारून ठेवलंय.

कृष्णाकाठ

आता मी, आई. काल रात्री तिने सगळं ह्यांना वाचून दाखवलं. सावकार नव्हतो, हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, लागलं मनाला. मग उठून सातबारा काढून आणला आणि तिला विचारलं, "मळ्याचं शेत म्हणजे कुठलं? ओढ्याकडचं का?" ते शेत आजही आमच्याकडे आहे. म्हणजे सुटलं असावं, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, असावं म्हणू नका अजून, पाठ वाचायची आहे." दोघं साडेबारापर्यंत बसले होते.

ह्यांच्या दोन अटी आहेत. चौथं वर्ष पूर्ण करायचं, मध्येच सोडायचं नाही. आणि जोडीला एक भाषा शिकायची. तिने फारसी म्हटलं आहे. पुण्याच्या दोन कॉलेजांचे अर्ज भरले, गुणवत्ता यादीची वाट बघतोय. खर्चाची काळजी गेलेली नाही. तासिकाकर ताई, तुमचं पहिलं पत्र मी ह्यांना मुद्दाम पूर्ण वाचून दाखवलं. तिनेही ऐकलं.

कृष्णाकाठ

(पुन्हा मुलगी.) दप्तरी काका, पाठीचा फोटो टाकलाय. चार ओळी आहेत, हात वेगळा आहे, शाई फिकट. पहिल्या तिन्हींत 'वसूल' आहे आणि रकमा आहेत. बेरीज केली तर ६२ रुपये येतात. चौथ्या ओळीत 'बाकी' असं काहीतरी वाटतं, पण त्याच्या पुढचा शब्द घडीवर आलाय, तो वाचता येत नाही.

दप्तरी

मलाही येत नाही. अंदाज आहे, पण सांगणार नाही, नाहीतर तुला तोच दिसेल. सकाळी सातच्या सुमारास खिडकीशी जा, ऊन कागदावर तिरपं पडू दे, घडी दाबू नकोस, आणि मोबाईल स्थिर ठेवून त्या ओळीचे पाच-सहा फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढ. मी जागाच असतो.